ऑस्की सोपी, मानधनाची फाईल अवघड

मेडिसिनच्या क्लिनिकल पोस्टिंगला सिम्युलेटेड पेशंट, म्हणजे ठरवून दिलेल्या आजाराची भूमिका करणारी माणसं, आणायचे, त्यांच्यावर मुलांना हिस्ट्री घ्यायला आणि आजार समजावून सांगायला शिकवायचं, आणि शेवटी त्यावरच ऑस्की, म्हणजे ठरलेल्या वेळात एकेका स्टेशनवर एकेक काम करून दाखवायची परीक्षा, घ्यायची, एवढाच बेत होता. शिकवण्याचा भाग सुरळीत पार पडला. अडकलं ते गावातल्या दहा माणसांचं मानधन. खान्देशातल्या कुठल्या कॉलेजात कुणी हे सुरू करणार असेल, तर केस लिहायला बसण्याआधी त्याने लेखा शाखेत जाऊन बसावं.

पद्धतीला 'नावीन्यपूर्ण' म्हणतात, पण ती काही कालची नाही. खोट्या पेशंटवर खरी हिस्ट्री शिकवायची कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत राबवली. ऑस्की रोनाल्ड हार्डेन यांनी डंडीत बसवली आणि १९७५ मध्ये तिच्यावर निबंध छापला. आपल्याकडे एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात स्किल लॅब आली आणि पेशंटशी बोलणं, वागणं शिकवणारं एटकॉम मोड्यूलही आलं. त्या अभ्यासक्रमातली संबंधित पानं झेरॉक्स करून ठेवा. फाईलला जोडायला तीच लागतात, नाहीतर 'ही सरांची हौस' असा शेरा पडायला वेळ लागत नाही.

वॉर्डात पेशंट भरपूर असताना खोटे कशाला, हा प्रश्न विभागातूनच येतो. कारण साधं आहे. वॉर्डातल्या चांगल्या केसला सकाळपासून आठ-दहा मुलं तेच ते विचारतात. दुपारपर्यंत तो माणूस स्वतःच 'छातीत दुखतं, डाव्या हातात जातं, घाम येतो' असं ओळीने सांगायला लागतो आणि मुलाला काही शोधावंच लागत नाही. दुसरं म्हणजे शंभर मुलांची परीक्षा एकाच अवघडपणाच्या केसवर घेता येत नाही. एकाला लिव्हर हाताला सहज लागणारा पेशंट मिळतो, दुसऱ्याला झोपलेला. आणि तिसरं इथलं खास कारण. सरकारी कॉलेजात पंधरा टक्के मुलं अखिल भारतीय कोट्यातून येतात. त्यांना अहिराणीतलं 'छातीम्हा दुखस, जीव घाबरस' कळायला वेळ लागतो, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरी बोलणारा पेशंट आला की आपली मराठी मुलंही गप्प होतात.

आता माणसांचा हिशोब, कारण पुढची सगळी फाईल याच आकड्यावर उभी राहते. दहा स्टेशन, प्रत्येकी सहा मिनिटं आणि बदलाचं एक मिनिट, म्हणजे एका फेरीला सत्तर मिनिटं. एकाच सर्किटवर, म्हणजे दहा स्टेशनांच्या एकाच संचावर, शंभर मुलं घेतली तर दहा फेऱ्या, सातशे मिनिटं. ते शक्य नाही. दोन समांतर सर्किट लावली तर पाच फेऱ्या, साडेतीनशे मिनिटं, आणि तीही दोन अर्ध्या दिवसांत विभागावी लागतात. दहापैकी चार स्टेशनांवर बोलणारा पेशंट लागतो. चार गुणिले दोन, आठ, आणि दोन राखीव. राखीव माणसांवर काट मारायला सगळे टपलेले असतात, पण मारू देऊ नका. एकच दुःख सलग दहा मुलांना सांगून झालं की माणूस कंटाळतो आणि उत्तरं तोडून द्यायला लागतो. अकराव्या मुलाचे मार्क त्याच्या कंटाळ्यामुळे जातात.

तर फाईल.

टिपणी, म्हणजे मंजुरी मागणारा कागद, गेली की पहिला शेरा ठरलेला: 'सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?' लेखाशीर्ष म्हणजे बजेटमधला खर्चाचा रकाना. वेतनात बसत नाही, कारण नेमणूक नाही. मजुरीत घातला तर हजेरीपट मागतात. कंत्राटी सेवा म्हटलं तर एजन्सी आणि दरपत्रकं आली. साहित्य व पुरवठा तर नाहीच, माणसं म्हणजे कापूस-गॉज नव्हेत. आमच्याकडे शेवटी हा खर्च प्रशिक्षण-कार्यशाळेच्या तरतुदीत बसला, कारण तिथे बाहेरून आलेल्या साधनव्यक्तीला मानधन द्यायची सोय आधीपासून होती. प्रत्येक संस्थेची तरतूद वेगळी असते. म्हणून टिपणी लिहिण्याआधी लेखा शाखेत विचारा, की बाहेरच्या माणसाला मानधन गेल्या वर्षी कोणत्या शीर्षातून दिलं होतं. एक जुनं देयक सापडलं की अर्धं काम झालं. लेखा शाखेला नियमापेक्षा मागचा दाखला जास्त पटतो.

दुसरा शेरा: 'रुग्णास पैसे देण्याचे प्रयोजन काय?' हा शेरा वाचून डोकं फिरतं, पण चूक टिपणीच्या भाषेची असते. पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका, की या व्यक्ती रुग्णालयाच्या रुग्ण नाहीत, त्यांचा केसपेपर निघणार नाही, त्यांच्यावर कोणताही उपचार किंवा शरीरात काही घालणारी तपासणी होणार नाही, आणि त्या ठरलेली भूमिका प्रशिक्षणानंतर करतील. हे नसेल तर फाईल आधी अधीक्षकांकडे, तिथून आणखी कुणाकडे, अशी फिरत राहते आणि प्रत्येक टेबल 'अभिप्रायार्थ' लिहून ती पुढे ढकलतं. कुणी नाही म्हणत नाही, हीच खरी अडचण. नाही म्हटलं असतं तर वरिष्ठांकडे तरी जाता आलं असतं.

तिसरा: 'दर कशाच्या आधारे?' असा दर कुठेच छापलेला नाही. मनाने आकडा टाकला की तो कमी-जास्त करण्यात आठवडे जातात. राज्याच्या किमान वेतनाची ताजी अधिसूचना जोडा. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे जुनी लावू नका. 'अर्ध्या दिवसाला यापेक्षा कमी नाही, अधिक एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं' असं मांडा. आधाराला कागद असला की आकड्यावर कुणी हुज्जत घालत नाही. प्रशिक्षणाचे दिवसही याच टिपणीत मागा. परीक्षेच्या दिवसांचे पैसे मंजूर झाले आणि तालमीचे राहिले, तर तालमीला कुणी का यावं?

आणि शेवटी पैसे प्रत्यक्ष खात्यावर जाणं. रोख चालत नाही. ते योग्यच आहे, पण त्याचे काटे आधी माहीत असावेत. आधारवर नाव आधी आणि पासबुकावर आडनाव आधी, किंवा एकीकडे बापाचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावर पडताळणी नाकारली जाते. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड चालत नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण तिची पासबुकं गावोगाव अजून कपाटात आहेत आणि माणसं तीच आणतात. जनधन खातं उघडून दोन वर्षं त्यावर खातेदाराने काही व्यवहार केला नसेल, तर ते निष्क्रिय धरलं जातं. मग केवायसीसाठी त्या माणसाला बँकेच्या रांगेत उभं करावं लागतं, आणि तो म्हणतो, राहू द्या सर तुमचे पैसे. म्हणून निवडीच्या दिवशीच पासबुकाच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीचा फोटो घ्या. शेवटची नोंद जुनी असेल तर खात्यात पन्नास रुपये भरून पाहायला सांगा. भरले गेले तर ठीक, नाहीतर केवायसी करून आणा किंवा माणूस बदला. हे आधी केलं की दहाची दहा नावं एकाच देयकात जातात. एक नाव नाकारलं गेलं तर काही ठिकाणी अख्खं देयक परत येतं.

३१ मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे बुडते, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये फाईल हलत नाही. त्या दिवसांत मोठी देयकं पुढे असतात, तुमची दहा माणसांची यादी तळाला जाते. देयक जानेवारीअखेर लेखा शाखेत पोचेल अशी परीक्षेची तारीख धरा. पुढच्या वर्षावर गेलं तर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. चहा-नाश्ता आणि एसटी भाड्यासाठी थोडी तसलमात, म्हणजे आगाऊ रोख, उचला. तेवढी रोख हातात असली की माणसं निदान उपाशी आणि स्वखर्चाने आली, असं होत नाही. पाच हजारांच्या आतल्या पावतीला रेव्हेन्यू स्टँप लागत नाही, तरी मागतात. एक रुपयाचं तिकीट चिकटवा आणि मोकळे व्हा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मंजुरीची सही झाली तेव्हा आनंदापेक्षा चीडच जास्त आली. एवढ्या वेळात दोन केस जास्त लिहून झाल्या असत्या.

केस लिहिण्याबद्दल. स्क्रिप्टचे चार रकाने करा: पेशंट आपणहून काय सांगेल, विचारल्यावरच काय सांगेल, कशाला 'माहीत नाही' म्हणेल, आणि चेहरा-आवाज कसा असेल. पहिलं वाक्य शब्दशः ठरलेलं हवं. इथली माणसं दयाळू आहेत. मूल अडखळलं की पेशंट पहिल्याच मिनिटात सगळं सांगून टाकतो, किंवा भरीला 'उलटी पण होते' असं स्वतःचं घालतो. दोन-दोन तासांच्या दोन तालमी आणि तिसरी रेसिडेंटला विद्यार्थी बनवून, एवढं लागतंच. कॉलेजचे शिपाई-मामा घेऊ नका, मुलं त्यांना ओळखतात. निवृत्त शिक्षक आणि निवृत्त कंडक्टर उत्तम.

तालमीच्या दिवशी प्रत्येकाचं बीपी मोजा. खोट्या पेशंटचं खरं बीपी १६० निघालं, तर परीक्षेत मूल ते बरोबर मोजतं आणि चेकलिस्टशी जुळत नाही. त्याला आधी ओपीडीत पाठवा, मग भूमिकेचं बघू. शारीरिक चिन्हं अभिनयाने आणायला लावू नका. मुलाने योग्य जागी स्टेथो ठेवला की परीक्षकाने निष्कर्षाचं कार्ड द्यावं. स्त्री पेशंटच्या स्टेशनवर बाई कर्मचारी हवीच, आणि अवघड जागेची तपासणी मॅनिकिनवरच.

नंदुरबारकडच्या मुलांसाठी सर्वांत उपयोगी ठरलेलं स्टेशन सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशनाचं. नवरा-बायको दोघंही वाहक, सोबत दुभाषी म्हणून आशाताई. मुलं दुभाष्याकडे बघून बोलतात, जोडप्याकडे नाही. त्याचा एक गुण स्वतंत्र ठेवा. दुसरी चूक जवळजवळ सगळ्यांची: 'चार मुलांपैकी एकाला होईल' असं सांगतात. सांगायचं ते असं, की प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता पंचवीस टक्के, वाहक असण्याची पन्नास, आणि निरोगी असण्याची पंचवीस. आधीचं मूल आजारी निघालं म्हणून पुढचं सुटलं, असं नसतं.

माणूस न लागणारं एक स्टेशन साप चावल्याच्या केसचं ठेवा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: स्वच्छ, कोरडी काचेची नळी, दोन मिलि रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करून बघायची. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त गोठत नाही आणि विष नसताना विष दिसतं. टेबलावर मुद्दाम काचेची आणि प्लॅस्टिकची, दोन्ही नळ्या ठेवा आणि कोणती उचलतात ते पाहा.

टाक्यांचा सराव केळीच्या सालीवर. जळगावला त्याची फाईल करावी लागत नाही, एवढं सुख आहे. अर्धकच्चं केळं घ्या. पिकलेल्याची साल धरत नाही. चार सेंटिमीटरची चीर, ऑपरेशन थिएटरमधला मुदत संपलेला ३-० नायलॉनचा दोरा. सुई तिच्या वाकानुसार फिरवली नाही तर साल लगेच फाटते, त्यामुळे वेगळं ओरडावं लागत नाही.

चेकलिस्ट वीस मुद्द्यांच्या वर नेऊ नका. लांब यादीत गडबडीने सगळं विचारणारं मूल पुढे जातं आणि नेमकं विचारणारं मागे पडतं. शेजारी परीक्षकाचा पाच पायऱ्यांचा एकूण शेराही घ्या. मग एक्सेलमध्ये 'फोरकास्ट' वापरून 'काठावर' (पास-नापासच्या सीमेवर) या शेऱ्याला चेकलिस्टचे किती गुण येतात ते काढा. त्या स्टेशनची उत्तीर्णतेची रेषा तिथे बसते. विद्यापीठाचा नियम त्याने बदलत नाही, पण कुठलं स्टेशन फाजील अवघड झालं ते अंतर्गत परीक्षेत कळतं.

ज्यांना फाईलच नको, त्यांच्यासाठी १९९२ मध्ये मांडलेली एका मिनिटाची बेडसाइड पद्धत आहे, तिला एक पैसा लागत नाही. आधी मुलाला निदान बोलून टाकायला लावा, मग 'कशावरून?' विचारा, एक सर्वसाधारण नियम सांगा, काय बरोबर केलं ते सांगा, काय चुकलं ते सांगा. अवघड एवढंच, की पहिल्या पायरीला सरांनी गप्प बसायचं असतं.

या सगळ्यावर शोधनिबंध लिहायचा असेल, तर एथिक्स कमिटीकडे मुलांचे गुण गोळा करण्याआधी जा. नेहमीच्या शिकवण्यावरच्या अभ्यासाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, पण ती सूट द्यायची की नाही हे कमिटीच ठरवते, आपण नाही. तिथे अर्ज करताना मानधनाच्या मंजुरीची प्रत जोडा, सिम्युलेटेड पेशंटला किती पैसे देणार हा प्रश्न तेही विचारतात.