माण ते शिवाजीनगर : चाचणीच्या गाडीवरून काय टिपायचं

4 जुलै 2025 रोजी हिंजवडीजवळच्या माण डेपोतून निघालेली गाडी चौथ्या स्थानकापर्यंत धावली आणि पुणे मेट्रोच्या लाईन 3 ची मार्गावरची चाचणी सुरू झाली. तेव्हापासून सगळ्यांचा एकच प्रश्न : बसायला कधी मिळणार? झेंडी दाखवल्याच्या तारखेवरून याचं उत्तर निघत नाही. मुंबई मेट्रोच्या लाईन 1 ची पहिली चाचणी 1 मे 2013 ची, प्रवासी बसले 8 जून 2014 ला. मुंबईच्याच लाईन 2अ आणि 7 वर 31 मे 2021 ला चाचणी आणि 2 एप्रिल 2022 ला पहिला टप्पा खुला. पुण्यातल्याच वनाझकडच्या छोट्या टप्प्यावर 30 जुलै 2021 ते 6 मार्च 2022. मुंबईच्या भुयारी लाईन 3 ने तर 30 ऑगस्ट 2022 पासून थेट ऑक्टोबर 2024 पर्यंत वाट पाहायला लावली. म्हणजे सात महिन्यांपासून पंचवीस महिन्यांपर्यंत काहीही. त्यापेक्षा गाडी कोणत्या वेगाने, कोणत्या वजनाने आणि इतर किती गाड्यांच्या सोबतीने धावते ते टिपलं, तर काम कुठवर आलंय ते बरंच नेमकं कळतं.

मार्गाची ओळख दोन ओळींत. 23.3 किमी, 23 स्थानकं, सगळा मार्ग उन्नत, डेपो एकच आणि तो माणला. काम पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अखत्यारीत, टाटा-सीमेन्सकडे 35 वर्षांच्या सवलत करारावर, म्हणजे बांधायची आणि तेवढी वर्षं चालवायचीही त्यांनीच. गाड्या अल्स्टॉमच्या, आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीत बनलेल्या, तीन डब्यांच्या 22. पुण्यातले आधीचे दोन मेट्रो मार्ग महामेट्रोचे. त्यांच्याशी तुलना करताना एक फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो : तिथे डोक्यावर 25 हजार व्होल्टची एसी तार आहे, इथे रुळाशेजारी 750 व्होल्ट डीसीची थर्ड रेल, म्हणजे गाडीला वीज देणारी पट्टी.

या फरकामुळे निरीक्षणाची पद्धतच बदलते. वनाझला तार ओढली, तारेत वीज सोडली, पेंटोग्राफ (गाडीच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर गेला, हे सगळं रस्त्यावरून दिसायचं. इथे खालून काहीच दिसत नाही. उंच इमारतीच्या गच्चीवरून किंवा वरच्या मजल्यावरून पाहिलं तर रुळाला समांतर जाणारी, झाकण घातलेली पट्टी दिसेल. स्थानकात ती फलाटाच्या विरुद्ध बाजूला असते. सांधे बदलतात तिथे पट्टी तोडावी लागते. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला उतार दिलेला असतो आणि गाडीचा कलेक्टर शू (पट्टीवरून घसरत वीज घेणारा तुकडा) त्या उतारावरून पट्टीला पुन्हा भिडतो. तिथे ‘टक्’ असा एक आवाज येतो. कोरड्या हवेत, संध्याकाळी ठिणगीही दिसते. तेवढ्यावरून बिघाड समजू नका. गाडीला अनेक शू असल्याने एक शू तुटीवर असताना दुसरा पट्टीवर असतो. गाडी अगदी सावकाश चालवून नेमक्या तुटीवर थांबवतात, तेव्हा हीच गोष्ट तपासत असतात : इथे अडकली तर पुन्हा निघेल का?

डीसीचा आणखी एक ताप म्हणजे भटका प्रवाह. परतीचा प्रवाह रुळांतून उपकेंद्राकडे जातो. रूळ खालच्या काँक्रीटपासून नीट विलग नसतील तर त्यातला काही भाग गर्डरच्या सळ्यांत शिरतो आणि सळ्या गंजतात. युरोपीय मानक ईएन 50122-2 नुसार दर मीटरला सरासरी 2.5 मिलिअँपिअरच्या आत गळती असेल तर ती चालते. हे मोजमाप गाडी नसताना, बहुधा रात्री होतं. मार्ग रात्रभर ओस पडलेला दिसला म्हणून काम थांबलंय असा निष्कर्ष काढू नये.

वेग कसा मोजायचा

तीन डब्यांची गाडी अंदाजे 66 मीटर धरा. एका खांबाच्या रेषेत उभं राहा आणि नाक ओलांडल्यापासून शेपूट ओलांडेपर्यंतचा वेळ घ्या. साडेनऊ सेकंद म्हणजे ताशी 25 किमी, पावणेपाच सेकंद म्हणजे 50, तीन सेकंद म्हणजे 80. स्टॉपवॉचवर बोट दाबायला 0.3 सेकंद उशीर झाला तर 25 ला फारसं बिघडत नाही, पण 80 चे 73 होतात. म्हणून फोनवर सेकंदाला 60 फ्रेमने चित्रण करा आणि नंतर फ्रेम मोजा : 80 च्या वेगाला साधारण 178. एखादी फ्रेम इकडेतिकडे झाली तरी चूक एका टक्क्याच्या आत राहते. फोन हातात न धरता कठड्यावर टेकवा. खांबाची कड उभी आणि फ्रेमच्या मधोमध हवी, तिरकं धरलं तर लांबी फसवते. गंतव्याची एलईडी पाटी वाचता यावी असं वाटत असेल तर शटर 1/100 पेक्षा जलद ठेवू नका, नाहीतर अर्धी पाटी काळी येते.

25 च्या आसपासचे आकडे म्हणजे अजून अंतर-चाचणी : गाडीचा सर्वांत रुंद भाग फलाटाला, केबल ट्रेला, एखाद्या विसरलेल्या खिळ्याला घासत नाही ना, एवढंच पाहणं चाललंय. 40-50 दिसू लागले की ब्रेक आणि मोटारींची जुळणी. 80 एकदा दिसला म्हणून हुरळू नये. तोच वेग, त्याच ठिकाणी, दोन्ही रुळांवर आणि भरल्या गाडीने दिसला पाहिजे.

भरली गाडी ओळखायला खिडकीतून पाहावं लागतं. डबा खाली बसलाय का ते पाहून उपयोग नाही, कारण एअर स्प्रिंग वजन कितीही असलं तरी फरशीची उंची कायम राखते. आसनांवर आणि दारांपाशी गोण्या रचलेल्या दिसतील. हिशेब सोपा आहे : गाडीत साधारण 1000 माणसं, माणशी 65 किलो, म्हणजे 65 टन. 50 किलोच्या 1300 गोण्या, आणि त्याही हातानेच चढवायच्या. गोण्या एकदा भरल्या की त्या वजनाच्या सगळ्या चाचण्या ओळीने उरकून घेतात, त्यामुळे या काळात एकच गाडी पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यात दिसते. रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ हिच्या दोलन (धावताना गाडी किती हेलकावते) आणि आपत्कालीन ब्रेकच्या चाचण्या याच टप्प्यातल्या. कोरड्या रुळावर एकदा, मग पाणी मारून.

ब्रेकचं अंतर स्वतः काढता येतं. 80 म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. मंदन, म्हणजे दर सेकंदाला वेग किती कमी होतो ते, 1.3 मीटर प्रति सेकंद धरलं तर थांबायला 190 मीटर, नेहमीच्या ब्रेकचं 1.0 धरलं तर 247. खांब मोजून पडताळा. दोन खांबांतलं अंतर मात्र प्रत्येक ठिकाणी तपासून घ्या, चौक ओलांडताना स्पॅन लांबतो.

सुरुवातीच्या काळात ब्रेकचा जळका वास आला तर त्याचंही कारण डीसीतच आहे. गाडी ब्रेक लावते तेव्हा मोटारी वीज बनवून पट्टीत परत ढकलतात, पण ती घ्यायला शेजारी दुसरी गाडी हवी. एकटीच गाडी असेल आणि उपकेंद्रातही ती वीज घेण्याची सोय नसेल, तर पट्टीचं व्होल्टेज चढतं. 750 च्या प्रणालीत कायमची कमाल मर्यादा 900 आहे. त्याच्या आधीच गाडी वीज ढकलणं कमी करते आणि भार घर्षण ब्रेकवर येतो. गाड्या वाढल्या की वास आपोआप कमी होतो.

आवाजांत सगळ्यात उपयोगी तो ठोक्याचा. रूळ सलग जोडलेले आहेत, त्यामुळे नियमित ‘टक-टक’ आली तर सांध्याची नव्हे, चाकाची. ओल्या रुळावर ब्रेक लागून चाक घसरलं की त्याला सपाट डाग पडतो. 860 मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ 2.7 मीटर, म्हणजे ताशी 40 ला सेकंदाला चार ठोके. वेगाबरोबर ठोके वाढले तर चाक. प्रत्येक गाडीला एकाच खांबापाशी एकदाच ठोका आला तर सांधा बदल किंवा पट्टीचा उतार. डाग पडलेली गाडी लेथवर चाक घासायला जाते आणि काही दिवस गायब होते. परत आल्यावर चाकाचा नवा व्यास संगणकात भरावा लागतो. नव्या 860 आणि झिजून टाकून देण्याच्या सुमारास असलेल्या 780 मध्ये नऊ टक्क्यांचा फरक आहे, आणि जुना आकडा तसाच राहिला तर गाडीला स्वतःचा वेग आणि जागा दोन्ही चुकीची वाटतात.

सिग्नलच्या टप्प्यात हीच चूक फलाटावर उघडी पडते. सीबीटीसीमध्ये, म्हणजे रेडिओ संदेशांवर चालणाऱ्या सिग्नल प्रणालीत, गाडी चाकांचे फेरे मोजून आपली जागा ठरवते आणि रुळांमधल्या बीकनवरून (जागा सांगणारी खूण-पेटी) गेली की ती दुरुस्त करते. पावसात चाक घसरलं की मोजणी बिघडते, गाडी ठरलेल्या खुणेच्या मीटरभर आधी किंवा पुढे थांबते, मग गोगलगायीच्या चालीने सरकते. हे सरकणं नोंदवा. आठवड्यागणिक ते कमी होत गेलं पाहिजे. दार उघडण्याआधी किती सेकंद जातात तेही लिहा.

कधीतरी दोन गाड्या जोडून सहा डबे जाताना दिसतील. सहा डब्यांची सेवा येणार अशी अफवा त्यातूनच उठते. ती सुटकेची चाचणी असते : एक गाडी बंद पडली असं धरून दुसरीने ती ढकलत किंवा ओढत पुढच्या स्थानकात आणायची, चढावर थांबवून पुन्हा निघायचं. एकीचे दिवे पूर्ण बंद असतील तर खात्रीच.

कागदांची वाट अशी : आरडीएसओचं वेग प्रमाणपत्र, त्यावर रेल्वे बोर्डाची मंजुरी, सिग्नलसाठी स्वतंत्र सुरक्षा परीक्षकाचं प्रमाणपत्र आणि शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. आधार 2002 चा मेट्रो रेल्वे कायदा आणि 2013 चे मार्ग खुला करण्याचे नियम. आयुक्त आले की आधी मार्गावरून ट्रॉलीने पाहणी आणि नंतर पूर्ण वेगाने धाव. शेरे निघतात ते बहुतेक वेळा गाडीबद्दल नसून जिने, अग्निशमन, पाट्या, लिफ्ट यांच्याबद्दल असतात. म्हणून स्थानकांची कामंही वहीत हवीत. गाडी तयार आणि जिना अर्धवट, हे आपल्याकडे नवं नाही.

डेपो एकाच टोकाला असल्याने टप्प्याटप्प्याने खुलं करायचं झालं तर सुरुवात माणकडूनच होणार. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं, पण बाणेरपर्यंतच गाडी आली तर महामेट्रोशी जोड मिळत नाही. ती जोड शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाशी. म्हणून शेवटच्या टोकाची प्रगती वेगळी टिपावी. विद्यापीठ चौकात मेट्रो दुमजली उड्डाणपुलाच्या वरून जाते, तिथे खालून गाडी दिसण्याची आशा सोडा. वाकड-बालेवाडीचा महामार्गालगतचा भाग बराच मोकळा आहे, मात्र महामार्गावर गाडी थांबवून चित्रण करू नका, सेवारस्ता वापरा. ड्रोनचा विचारच नको : लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि गणेशखिंडीतलं राज्यपालांचं निवासस्थान दोन्ही या शहरातच आहेत.

नोंदीचा साचा एवढा पुरे : तारीख, वेळ, खांब क्रमांक, दिशा, डावा की उजवा रूळ, गाडीचा क्रमांक, दिवे, गोण्या, वेग, थांबली का, दारं उघडली का. वरून पाहायला मिळालं तर रुळाचा माथाही पाहा. तपकिरी म्हणजे गाडी फिरकलेली नाही, अरुंद चकाकती रेघ म्हणजे मोजक्या फेऱ्या, रुंद आरशासारखा पट्टा म्हणजे रोजची वर्दळ. पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो, तेव्हा ही खूण दुपारनंतरच वाचा.

सगळ्यात शेवटी येते ती रिकाम्या गाड्यांची पूर्ण वेळापत्रकाची तालीम. सरासरी वेग 33 धरला तर एका दिशेला 42 मिनिटं, दोन्ही टोकांना वळायला चार-चार मिनिटं, म्हणजे फेरी सुमारे 93 मिनिटांची. पाच मिनिटांना गाडी हवी तर 19 गाड्या मार्गावर लागतात आणि 22 पैकी देखभालीला आणि राखीव मिळून तीनच उरतात. एका जागी उभं राहून तासभरात एका दिशेने 12 गाड्या मोजल्या, त्यांतली प्रत्येक स्थानकात थांबली आणि दारं उघडून मिटली, आणि असं ओळीने कित्येक दिवस दिसलं, तर तारीख जवळ आली असं म्हणायला हरकत नाही. छोटा टप्पा असेल तर हाच हिशेब त्या अंतराने करून पाहा. माण ते साधारण 12 किमीला त्याच वारंवारितेला 11 गाड्या पुरतात.