इडलीपात्रातलं रीळ

जेवण झाल्यावर फोनवर बोलत होतो. हाताला काहीतरी चाळा लागतो, म्हणून दिवाणावर पडलेल्या, गळानं मासे धरायच्या रिळाची मूठ फिरवत होतो, तर मध्येच आतून खर्र झालं. अगदी बारीक. फोनवरचा माणूस सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होता. त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. पुन्हा मूठ फिरवली. पुन्हा खर्र, नेमकं त्याच जागी. "बघतो, कळवतो," म्हणत फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून इडलीपात्राची एक थाळी उचलून आणली.

"उद्या इडल्या आहेत," आतून आवाज आला.

"धुऊन देतो."

"मागच्या वेळी इडल्यांना शिलाई मशीनचा वास येत होता."

हा निव्वळ आरोप आहे. पण वाद घालत बसलो तर थाळी जाते, म्हणून गप्प राहिलो. रीळ खोलायला इडलीपात्राची थाळी ती थाळी, यावर मी ठाम आहे. पहिल्या खळग्यात मुठीचा स्क्रू, दुसऱ्यात झाकणाचे स्क्रू, तिसऱ्यात दोरी गुंडाळायच्या फिरकीखालच्या चकत्या, असं एकेक भरत जायचं आणि जोडताना उलट्या वाटेनं परत यायचं. यासाठी चुंबकाचे ट्रेही मिळतात म्हणे. मिळोत. पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला भीक घालत नाहीत. शिवाय आतल्या चाकामागे जी पातळ चकती असते ना, कांद्याच्या पापुद्र्याएवढी, ती खळग्यात ठेवली तरच डोळ्यांसमोर राहते. तिचं काम इतकंच, की दोन चाकांचे दाते एकमेकांना हवे तेवढेच भिडावेत. तेवढी ती हरवली, की मग कितीही महागाचं ग्रीस घाला, रीळ दळत राहतं.

दिवसही हेच आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी झाकलेल्या, आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. काठावरून गरवणाऱ्या हौशी माणसाला ही बंदी नाही, पण आषाढातल्या समुद्रापुढे कातळावर उभं राहायला मागे रडणारं कोणी नसलेला माणूस लागतो. म्हणून आमचीही हत्यारं याच दिवसांत बाहेर निघतात.

झाकण उघडलं की आधी वास येतो. जुन्या ग्रीसचा, थोडा खाडीचा आणि थोडा कोळंबीचा. आमिषाची कोळंबी इतक्या आत कुठल्या वाटेनं पोचते, कोण जाणे. पांढरं ग्रीस राखाडी झालेलं असतं. मोठ्या जस्ताच्या चाकावर पांढरी भुकटी धरलेली असते आणि त्याला भिडणाऱ्या पिनियनवर, म्हणजे छोट्या पितळी चाकावर, हिरवट कळंक. सगळी करणी मिठाची. खारं पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं आणि पावसाळी हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. मे महिन्यात मुकाट असलेलं रीळ जुलैत बोलायला लागतं ते म्हणून.

यावरचा उपाय सगळ्यांना पाठ आहे. खाडीवरून आल्याबरोबर ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती ताणावर सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, घट्ट करायचा; मग पाणी त्याच्या वॉशरांत शिरत नाही. नळ बारीक सोडून रीळ त्याखाली धरायचं, झटकायचं, सावलीत वाळवायचं आणि ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवायचा, म्हणजे वॉशर दबून बसत नाहीत. पाठ आहे आणि तरी खाडीवरून आलेला माणूस आधी आंघोळ करतो, मग मासे कोण साफ करणार यावर घरात बोलणी होतात, मग जेवण, मग झोप. रीळ दाराआड उभं. काही जण दुसऱ्या दिवशी बागेच्या पाइपनं जोरदार फवारा मारतात. मीठ त्यानं जात नाही, आणखी आत जाऊन बसतं. आणि काही जण गंज सोडवायचा स्प्रे सगळीकडे फुसफुस मारून "झालं सर्व्हिसिंग" म्हणतात. त्यांच्याशी मी फक्त क्रिकेटवर बोलतो.

पूर्वी चाकं रॉकेलात बुडवून ठेवायचो. आता रॉकेल कुठून आणणार? वाटीत थोडं पेट्रोल, तेही गॅलरीत, शेगडीपासून लांब. जुना टूथब्रश. कान कोरायच्या कापसाच्या काड्या, ज्या कानासाठी वापरू नका असं डॉक्टर सांगतात. त्यांचा खरा उपयोग हाच असावा. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब टाकायची फार इच्छा होते, तिथं हात आवरायचा. चाकांना ग्रीस, तेही दात्यांना ओल लागेल इतकंच; थापलं तर मूठ जड होते. आणि बेल, म्हणजे दोरी फिरकीवर गुंडाळणारी तारेची कमान, तिच्या टोकाशी असलेला लाइन रोलर. अख्ख्या रिळात सगळ्यात जास्त खारं पाणी तो पितो, कारण ओली दोरी दरवेळी त्याच्यावरूनच आत येते, आणि सगळ्यात कमी तेल त्यालाच मिळतं. तो अडकला की दोरी त्याच्यावर घासत घासत चरा पाडते आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटते. मग आपण दोरीच्या नावानं बोटं मोडतो.

आता माझी एक खोड सांगतो. मला अगदी मुकं रीळ आवडत नाही.

जुन्या रिळात उलटं फिरू नये म्हणून एक दातेरी चाक आणि त्यावर टेकलेला खटका असायचा. मूठ फिरवली की टिक टिक टिक. नव्यांत त्या जागी रोलरचा क्लच आला. आवाज नाही, मूठ तसूभर मागे येत नाही, सगळं गुळगुळीत. त्याचे नखरे मात्र भारी. चुकून ग्रीस लागलं तर रोलर घसरतात आणि मासा ओढू लागला की मूठ उलटी गरगरून बोटांवर बसते. त्याला हलकं तेल, तेही जेमतेम. पण मी म्हणतो, ती टिकटिक काय वाईट होती? अंधारात गरवताना शेजारी दहा हातांवर कोण दोरी गोळा करतोय आणि कोण नुसता बसलाय, हे न बघता कळायचं. सायकलचं पायडल सोडल्यावर मागच्या चाकातून येणारी टकटक याच घराण्यातली, तिथंही दातेरी चाक आणि खटकाच. शिमानोचा कारखाना 1921 मध्ये जपानमधल्या साकाईत सुरू झाला तो सायकलचं फ्रीव्हील बनवायला. मासेमारीच्या सामानाकडे ते वळले 1970 च्या सुमारास. मला यात काही नवल वाटत नाही. ज्याला एका बाजूनं फिरणारं आणि दुसऱ्या बाजूनं अडणारं चाक जमलं, त्याचं निम्मं रीळ झालंच. एवढंच, की पुढे तो आवाज बंद करायच्या मागे सगळे लागले. माझ्या जुन्या रिळाचा खटका मी दरवर्षी नीट साफ करतो आणि त्याला ग्रीस लावत नाही. वाजू दे.

पण त्याच्याही आधी रिळाचं मूळ गिरणीत आहे. 1905 मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर आणि इलिंगवर्थ स्वतः त्याच धंद्यातला. आधीच्या रिळांत दोरी सुटताना फिरकीही फिरायची आणि ती दोरीच्या पुढे धावली की जो गुंता व्हायचा, तो सोडवताना ओहोटी संपायची. इलिंगवर्थनं फिरकी जागच्या जागी ठेवली आणि दोरी तिच्या डोक्यावरून सुटू दिली. गिरणीत उभ्या बाबिनीवरून सूत सुटतं, त्यावरून त्याला हे सुचलं असं म्हणतात. मी हे वाचलं तेव्हा ब्रॅडफर्ड काही डोळ्यांपुढे आलं नाही. तात्या आले.

तात्या म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. लालबागला गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. मोठ्या संपानंतर गावी आले ते तिथलेच झाले. आचऱ्याच्या खाडीवर मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे असायचो. त्यांच्याकडे ना काठी, ना रीळ. गिरणीतून आणलेली एक लाकडी बाबीन होती, वीतभराहून मोठी, तेल पिऊन काळी कुळकुळीत झालेली. तिच्यावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गरी. डाव्या हातात बाबीन समुद्राकडे तोंड करून आडवी धरायची, उजव्या हातानं शिसं डोक्यावर दोनदा फिरवून सोडून द्यायचं. दोरी बाबिनीच्या तोंडावरून सर्रकन सुटत जायची आणि बाबीन हातात जराही हलायची नाही. हे आपण इलिंगवर्थचं पेटंट वापरतो आहोत, याचा तात्यांना पत्ता नव्हता.

भरतीची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्याआधी जाऊन बसायचं. सोललेली कोळंबी गरीला लावायची आणि दोरी पहिल्या बोटाच्या पेरावर टेकवून ठेवायची. तांबोशी ओढते कशी, काळुंदर टोचतो कसा, हे त्या पेराला कळायचं. केंड लागला तर काही कळायचंच नाही. दोरी हलकी व्हायची, कारण गरी त्यानं दातांनी कापून नेलेली असायची. मग तात्या मालवणीतल्या ठेवणीतल्या शिव्या बाहेर काढत आणि आम्हाला "तुमी आयकू नकात" म्हणून बजावत. आम्ही त्या अजून विसरलेलो नाही.

पुढे नोकरी लागल्यावर मी पहिलं रीळ घेतलं आणि मोठ्या दिमाखात गावी नेलं. तात्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "इतकी नाटकां कित्याक? माशाक काय म्हायत तुझ्या हातात काय आसा ता?" म्हणाले आणि परत दिलं. संध्याकाळी मी पडवीत ते पुसत बसलो होतो. तात्या येऊन शेजारी बसले. झाकण खोल म्हणाले. मी खोललं. बराच वेळ नुसते बघत राहिले, मग मूठ हळूहळू फिरवून कान लावला. आत जाऊन चिमटा आणि कापूस घेऊन आले आणि माझ्या हातातलं तेलाचं बुधलं काढून घेतलं. काडीच्या टोकावर थेंब घेऊन बेअरिंगला असा लावला, की बाहेर तेलाचा डागही नाही. मग दुसऱ्या बेअरिंगला. हात अजिबात थरथरत नव्हता. गिरणी सुटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला एक स्क्रू काढू दिला नाही त्यांनी. सगळं झाल्यावर मूठ फिरवून बघितली, मान हलवली आणि जेवायला उठले. त्यानंतर मी गावी गेलो की रीळ त्यांच्यासमोर ठेवायचो. त्यांनी ते गरवायला मात्र कधी नेलं नाही. बाबीनच न्यायचे.

मुंबईतल्या गिरण्यांचा तो संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात होती. रीतसर तो मागे कधी घेतलाच गेला नाही. गावात कोणी नवखं आलं आणि त्यांना सहज विचारलं, की तुम्ही काय करता, तर तात्या बाबिनीवरची दोरी सारखी करत सांगायचे, "संपार आसंय." सत्तरी उलटली तरी हेच सांगायचे.