सांगली ते बामणोली: गिझरच्या ड्रेन प्लगने शिकवलेलं

बामणोलीत शिवसागर जलाशयाच्या काठाजवळ गाडी लावली होती. पहाटे खाली उतरलो तर पाय चिखलात. पाऊस तर पडलाच नव्हता. कॅराव्हॅनच्या गिझरचा ड्रेन प्लग, म्हणजे टाकी रिकामी करायचं बूच, रात्रभर ठिबकत होता.

चूक सांगलीतच झाली होती. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. निघण्याआधी टाकी धुवायला घेतली. आमच्या अमेरिकन गिझरची टाकी पोलादी, 6 गॅलनची, म्हणजे सुमारे 23 लिटरची. तिच्या ड्रेन प्लगलाच मॅग्नेशियमचा रॉड जोडलेला असतो. मॅग्नेशियम आधी झिजतं, म्हणून पोलाद गंजायचं वाचतं. प्लग काढला तर अंगठ्याएवढ्या जाड रॉडची नुसती मधली तार उरलेली, तिला पांढरे खडे चिकटलेले. नवा रॉड मिळेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पितळी प्लग आणला. दोन फेरे सहज गेला, मग अडला. मी पान्याने रेटला. तो मोह तुम्ही टाळा.

आष्टा, इस्लामपूर, कराड, पुढे यवतेश्वरचा घाट, सगळीकडे गाडी मस्त चालली. कासला पठारावर फुलं भरात होती.

ठिबकणारा प्लग घेऊन साताऱ्यात परतलो. तिथल्या फिटरमामांनी प्लग काढून नखाने आटे चाचपले. "दादा, ह्याचे आटे येगळे हायेत. अजून आवळला असता तर टाकीच गेली असती."

खरंच होतं. अमेरिकन आणि आपल्या पाऊण इंची प्लगला इंचाला आटे 14च, पण तिकडच्या आट्याचा कोन 60 अंश, आपल्याकडचा 55. म्हणूनच सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. नशिबाने जुना प्लग डब्यात होता. टेफ्लॉन टेप गुंडाळून तोच बसवला आणि गळती थांबली. नवा रॉड हातात येईपर्यंत जुना फेकू नका. गळती तो थांबवतो, टाकीचं गंजणं मात्र थांबवत नाही.

प्लग काढताना घाई नको. वीज, गॅस, पंप बंद करा, टाकी रात्रभर गार होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्या. गोटी (सॉकेट पाना) 27 मिमीची लागते. समोर उभं राहू नका, पाणी जोरात येतं. पांढरा चुरा यायचा थांबेपर्यंत टाकी धुवा. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, तेव्हा तिथे टाकी रिकामी करू नका. परत बसवताना पहिले फेरे हातानेच द्या, आणि गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज लावू नका, कोरडं एलिमेंट जळतं.

रॉड पाऊण झिजला की बदलायचा. काही गिझरची टाकी अॅल्युमिनियमची, प्लग नायलॉनचा असतो. त्याला रॉड नसतोच, तो शोधत बसू नका.

पुढच्या खेपेला जादा रॉड आधी मागवणार, तो हातात आला की मगच गाडी काढणार.