रिपोर्ट खरा, माल भलताच

सांगलीत मसाल्याचे पदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. हंगामात टेबलावर हळदीच्या नमुन्यांचा ढीगच असतो. एके दिवशी मिरजेकडच्या एक ताई आल्या. बचत गटातर्फे मसाले विकतात. एका हातात हळदपुडीची पिशवी, दुसऱ्यात आमच्याच रिपोर्टची झेरॉक्स.

"मॅडम, हा कागद बघूनच माल घेतला. पण हिला वासच नाही, आणि पाण्यात टाकली की पाणीच रंगतं."

रिपोर्ट खरा होता, खाली सही माझी. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत आमच्याकडच्या राजापुरी हळदीचा अर्क, दुसरीत ताईंच्या पुडीचा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तशा दोन्ही गुलाबी झाल्या. ताईंचा चेहरा खुलला. थांबा, म्हटलं, आणि पाणी ओतलं. पहिलीतला गुलाबी रंग विरून गेला. दुसरीतला हलेना. मेटॅनिल यलो! कापडाला, कागदाला वापरतात तो रंग, खाण्याच्या पदार्थांत बंदी असलेला.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "रिपोर्ट तुमचाच आहे ना? मग मी खोटं काय बोललो?"

शब्द धरून बसलं तर तो खोटं बोललाच नव्हता. चांगली हळद तपासून घ्यायची आणि तो कागद दुसऱ्याच मालाबरोबर द्यायचा. रिपोर्टच्या तळाशी 'निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते' अशी ओळ असते. झेरॉक्समधून नेमकी तेवढीच गायब होती.

मला संताप आला तो याचा. ताई बेसावध नव्हत्या. त्यांनी रिपोर्ट मागितला, वाचला. त्यांच्या सावधपणाचाच त्याने फायदा घेतला. आता त्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवणार? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यानं हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश करून सौद्याला आणली, त्या शेतकऱ्याच्या चोख मालाकडेही गिऱ्हाईक संशयानंच बघणार.

अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचा तक्रारअर्ज मी लिहून दिला. सही करून ताईंनी वही उघडली आणि पाकिटं कुणाकुणाला गेली, ती नावं शोधू लागल्या. त्यात एक बाळंतीण होती, रोज हळददूध घेणारी. पहिला फोन तिच्या घरी लावला.