ब्योमकेशला कधी कळलं?

मंडळी, ‘ब्योमकेश बक्शी’ या जुन्या हिंदी गुप्तहेर मालिकेची आमची उजळणी पहिल्या पर्वाच्या मध्यावर आलीय. रविवारी संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरला बहिणीकडे जमतो, एक भाग बघतो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्यावरच बोलतो. खाली सगळी गुपितं फोडलेली आहेत. ज्यांनी मालिका पाहिलेलीच नाही त्यांनी आधी ती बघावी आणि मगच हे वाचावं.

1993 मध्ये ती दूरदर्शनवर पहिल्यांदा लागली, तेव्हा आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा दाखवली तेव्हाही, डोक्यात एकच प्रश्न असायचा: हे कोणी केलं? आता उत्तरं पाठ आहेत. म्हणून या खेपेला वहीत दुसराच प्रश्न लिहिला: ब्योमकेशला कधी कळलं? प्रत्येक भाग बघताना तो क्षण पकडायचा आणि नोंदवायचा. एवढ्याशा बदलाने मालिका इतकी वेगळी दिसेल असं वाटलं नव्हतं.

‘सत्यान्वेषी’पासूनच सुरुवात केली. अतुल नावाचा कोणी तरुण मेसमध्ये जागा मागायला येतो, खोली रिकामी नसते, आणि तिथेच राहणारा अजित, जो पुढे ब्योमकेशचा जोडीदार होतो, भल्या मनाने त्याला आपल्याच खोलीत घेतो. पहिल्यांदा बघताना आपण अजितच्या बाजूने असतो, त्यामुळे अतुल संशयास्पद वाटतो आणि मेस चालवणारे होमिओपॅथीचे डॉक्टर अनुकूलबाबू घरच्यासारखे. आता उलट झालं. अतुल म्हणजेच ब्योमकेश, आणि तो आला तोच मुळी कामाला. त्याची प्रत्येक साधी चौकशी आता उलटतपासणी वाटते. अनुकूलबाबूंचा गोडवा मात्र तसाच आहे, एका शब्दानेही कमी होत नाही, आणि म्हणूनच अंगावर येतो. मेसमधल्या अश्विनीबाबूंनी ज्यांना विश्वासात घेतलं, त्या अनुकूलबाबूंनीच त्यांचा गळा चिरला.

आमच्यात पंचवटीत दवाखाना चालवणाऱ्या एक होमिओपॅथीच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणाल्या, ‘पुडी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला कोणी काही विचारतं का हो? साखरेची पांढरी पूड, कागदाची घडी, झालं.’ अनुकूलबाबूंचं चोरटं कोकेन त्याच पुड्यांतून जायचं. दवाखान्याचा दरवाजा दिवसभर सताड उघडा आणि धंदा त्याच दरवाज्यातून. हे त्यांनी सांगितल्यावर आम्ही भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि फक्त डॉक्टरांच्या खोलीत कोण येतं, कोण जातं एवढंच बघितलं.

‘रास्ते का काँटा’वर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. ब्योमकेश वर्तमानपत्रातल्या बातम्या सोडून जाहिराती वाचतो, अजित त्यावरून त्याला छेडतो. वाटेतला काटा काढायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी अमुक दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा, अशी ती जाहिरात. खिशातल्या घड्याळामुळे खुनी हल्ल्यातून वाचलेले आशुबाबू मदत मागायला नंतर येतात. म्हणजे गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच ब्योमकेशच्या हातात धाग्याचं एक टोक आहे. माझ्या वहीत या भागापुढे ‘पहिल्याच गप्पांत’ असं लिहिलंय. बहिणीला ते मान्य नाही. तिचं म्हणणं, तेव्हा त्याला नुसता वास लागला होता, कळलं ते खुनी प्रफुल्ल रॉय आपणहून भेटायला आला तेव्हा. वाद अजून मिटलेला नाही आणि मी माझं म्हणणं सोडणार नाही.

पण या भागात खरी बघायची गोष्ट म्हणजे सायकलची घंटी. बळींच्या छातीत घुसणारी ग्रामोफोनची पिन सुटते ती त्या घंटीतूनच, आणि पिन सुटल्याचा आवाज गिळतो तोही घंटीचाच. सगळे बळी रस्त्यात पडतात, आजूबाजूला माणसं असताना. परवा रविवार कारंजावर उभं राहून मी मुद्दाम कान दिला. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्यांची हाळी, आणि मधेच सायकलची किणकिण. माणसं न बघताच बाजूला होत होती. घंटी म्हणजे ‘वाट द्या’. वाजवणाऱ्याचा चेहरा कोणी लक्षात ठेवत नाही, घंटीकडे तर कोणी बघतही नाही. मूळ बंगाली कथा लिहिणाऱ्या शरदिंदु बंद्योपाध्यायांनी हत्यार निवडलं ते असं. त्यांच्या बुद्धीला माझा नमस्कार.

‘सीमंत हीरा’ त्याच वाटेवरचा. हिरा टेबलावरच्या नटराजात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. भाग मजेदार आहे, पण माझ्या प्रश्नाला त्यात फार खाद्य नाही.

‘मकड़ी का रस’ने मात्र सगळ्यांना गप्प केलं. यात ब्योमकेश दुसऱ्या, बनावटगिरीच्या प्रकरणात अडकलेला, म्हणून नंददुलालबाबूंच्या घरी अजित एकटाच जातो. खाटेवर पडलेला म्हातारा, कडक पहारा, तरी त्याला नशेसाठी कोळ्याचा विषारी रस मिळतोच. ब्योमकेश घरी बसून फक्त अजितचं ऐकतो आणि उत्तर देतो. मग त्याला कळलं कधी? अजित काय सांगतोय ते विसरून आम्ही ब्योमकेशच्या ऐकण्याकडे बघत बसलो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत, सगळा जन्म शाई आणि कागदात गेलेला. म्हाताऱ्याच्या लिखाणात काळ्याबरोबर लाल शाईचा उल्लेख आला आणि ते चटकन म्हणाले, ‘इथे.’ शेवट त्यांना आठवत नव्हता, तरी. दोन रंगांची शाई लागते तिथे कारण असतं, असं त्यांचं साधं म्हणणं. रस त्या लाल शाईतच होता, म्हातारा लेखणी तोंडात धरायचा. अजितने पुरावा स्वतःच्या तोंडाने सांगितला आणि त्याला पत्ता नाही. अजित झालेल्या के. के. रैनांचं काम मला या भागात फार आवडलं. नेमकं सांगणारा आणि तरीही न दिसणारा माणूस उभा करणं अवघड आहे.

दिग्दर्शक बासू चटर्जींनी हे सगळं बहुतेक खोल्यांत, बसून बोलणाऱ्या माणसांवर पेललंय. पाठलाग नाहीत, त्यामुळे नजर ठेवायला वेळ मिळतो.

सध्या ‘वसीयत’वर आहोत. ब्योमकेशची पुढे बायको होणारी सत्यवती इथे पहिल्यांदा येते, भावावर खुनाचा आळ आलेला. सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णींना आपण पुढे ‘आभाळमाया’त वर्षानुवर्षं पाहिलं, त्यामुळे आता त्या आल्या की घरातलंच कोणी आल्यासारखं होतं. इथे वहीत दोन नोंदी करायच्या आहेत: ब्योमकेशला खुनी कधी कळला आणि सत्यवती कधी आवडली. माझ्या मते दुसरं आधी घडलं, पण अजून एकदा बघून मगच लिहीन.

त्यानंतर ‘अग्निबाण’ आणि ‘उपसंहार’ लागोपाठ घेणार आहोत, आणि त्याआधी ‘सत्यान्वेषी’ पुन्हा एकदा. अनुकूलबाबू शिक्षा भोगून परततात, ‘अग्निबाण’मधल्या आगपेटीच्या विषारी काड्यांचा धागा तिथेच येऊन जुळतो. तीन भाग एका बैठकीत बसवायचे तर दुपारी तीनलाच सुरू करावं लागेल. कोणी हे तिन्ही असे सलग पाहिले असतील तर मेसमधल्या अनुकूलबाबूंची लकब ‘उपसंहार’मध्ये कुठे ओळखू येते, तेवढं मला सांगू नका. ते मला स्वतः पकडायचंय.