देवगडची ग्रीनर: परवान्यातली दुसरी जागा

इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या भिंतीवर वीस-वीस बंदुका टांगलेल्या दिसतात. आपल्याकडे शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. त्यामुळे इथला संग्राहक पैशांच्या आधी जागा मोजतो. माझ्या परवान्यावर एक रिव्हॉल्व्हर आणि कारखान्यातली साधी बाराबोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, होती. बाराबोअर उत्तम चालत होती, पण ती विकली. जागा रिकामी करून ठेवली आणि मग शोधत बसलो.

मला हवी होती बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या जुन्या बंदूककाराची दुनळी, आडव्या खिळीची. नळ्यांच्या मागच्या टोकाला एक कान असतो, तो बॉडीतल्या खाचेत बसतो आणि एक गोल खीळ आडवी सरकून त्यातून आरपार जाते. 1865 सालची ही कल्पना. बंदूक मिटताना जो आवाज येतो, त्यासाठी मी इतकी वर्षं वेडा होतो. सुरक्षा-कळही दस्त्याच्या डाव्या अंगाला, बाकीच्यांसारखी वर अंगठ्याखाली नाही. परदेशातून खाजगी आयात 1980च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणजे जे काही आहे ते आधीच कुणाच्या तरी परवान्यावर आहे, आणि त्या माणसाला ते विकायचं असलं पाहिजे.

सिंधुदुर्गात बंदुकीचं अप्रूप नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका तिथे घराघरांत सापडतात. त्या गर्दीत एखादी बर्मिंगहॅमची दुनळी निघते, पण ती जाहिरातीतून कळत नाही. मला एका आंबेवाल्याकडून कळली. देवगडच्या आतल्या एका वाडीत निवृत्त मास्तर, सगळे आबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. नियमाप्रमाणे मालक सत्तरीचा झाला किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतच वारसाच्या नावे करता येते. मी तेच आधी विचारलं, कारण मागाहून घरात भांडण निघायला नको. मुलाचं नाव काढताच आबा म्हणाले, "झिलाक नको. मुंबयच्या खोलयेत ठेवतलो खंय?"

कागदांचं आधी सांगतो, कारण माणसं तिथेच अडकतात. खाजगी माणसाने बंदूक विकायची तर तसं लेखी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. ते उलटेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, बंदूक तर घरी आणूच नका. विकणाऱ्याच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, आहे ना, नूतनीकरण झालंय ना, हे पहिल्याच भेटीत बघा. तुमच्या परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती हे 45 दिवस धरून पुरते का ते मोजा. आणि निवडणुकीचा अंदाज घ्या! आचारसंहिता लागली की कोकणात बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. आबांचीही जमा झाली होती. मतमोजणी होऊन ती परत मिळेपर्यंत मी पुण्यात नुसता बसून. जिल्ह्याची कचेरी ओरोसला आहे, देवगडपासून ती बरीच लांब पडते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे घालायला लावू नका. गाडी आपली न्या, त्यांना बसवून न्या, जेवायला घाला.

नंबर जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या परवान्यांवरचे नंबर हाताने उतरवलेले, त्यात शून्याचा सहा झालेला असतो. बॉडीवरचा, नळ्यांवरचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा नंबर एकच हवा आणि तोच परवान्यावर हवा. फरक असेल तर विक्रीआधी विकणाऱ्याच्या कागदात दुरुस्त करून घ्या. नंतर तो फरक तुमच्या अंगावर येतो.

आता बंदूक. खारा वारा सहा महिन्यांत नळी खातो, म्हणून उजेडाकडे धरून आतून बघा. उथळ डाग पुसून जातात, खड्डे जात नाहीत. दस्त्याच्या टोकाची पट्टी काढून लाकूड बघा, आत भुंगा असू शकतो. मग नळ्या सोडवून हुकावर लटकवा आणि लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचं डाखकाम शाबूत आहे. बद्द आवाज आला तर चहा पिऊन परत या. आबांची ग्रीनर ओसरीच्या तुळईला टांगली तेव्हा आतून काकू बाहेर आल्या, कसला आवाज म्हणून. तिथेच माझा भाव करायचा सगळा जोर गेला.

आबांनी ती चामड्याच्या पेटीत ठेवली नव्हती, हे बरं झालं. चामडं ओल धरतं. जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेत. खोबरेल मात्र लावत होते, त्याचा चिकट थर बसला होता. तो रॉकेलने सुटला. गेल्या काही वर्षांत फक्त आवाज काढायला वापरली म्हणाले. "पण वांदरांका आता बाराची भीतीच उरली नाय." शिल्लक काडतुसं मी घेतली नाहीत. इतक्या वर्षांची, दमट हवेतली काडतुसं कुणीच घेऊ नयेत. त्यांची नोंद करून ती ठाण्यात जमा करायची.

रस्ता. माझा परवाना महाराष्ट्रापुरता आहे, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की पुणे-कोल्हापूर-निपाणी-आंबोली असं गेलं की मध्ये कर्नाटक लागतं. बंदूक घेऊन परतताना ती वाट नको. कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, नांदगाव, देवगड अशी वाट धरा. करूळ बंद असेल तर भुईबावडा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाट. पावसाळ्यात दोन्हीकडे दरडी, आणि मे महिन्यात आंब्याच्या गाड्या. दिवाळीनंतर जावं, तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि मासेही चांगले मिळतात. जाताना विजयदुर्गाला वळा, तटावरच्या गंजलेल्या तोफा बघायला परवाना लागत नाही.

परतताना नळ्या सोडवून पेटीत, पेटी डिकीत, मूळ परवाना आणि विक्रीची कागदं खिशात. जेवायला थांबलात तर एक जण गाडीत बसेल. मी एकटा होतो म्हणून सुरमईची थाळी हुकली, कोल्हापूरपर्यंत केळी खाल्ली. घरी पोचलात की लगेच ठाण्यात दाखवून परवान्यावर नोंद करून घ्या, साफसफाई मागाहून.

आणि बार काढायच्या आधी पुढचं लाकूड काढून नळ्यांच्या बुडाचे ठसे वाचा. नळ्या तपासून शिक्का मारणारं बर्मिंगहॅमचं परीक्षण-घर 1813चं आहे, त्यांचे शिक्के खोटं बोलत नाहीत. माझ्या बंदुकीची काडतुसाची जागा अडीच इंची, म्हणजे 65 मिमी. आज दुकानात बहुतेक 70 मिमीची काडतुसं मिळतात. ती आत सहज बसतात, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार झाल्यावर ते तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. दुकानदार "चालतं हो" म्हणेल. चालत नाही. मी 65ची मिळेपर्यंत थांबलो आहे, तोवर रोज रात्री नुसती मिटून आवाज ऐकतो. घरातल्यांना आता तो पाठ झाला आहे.