तीन वर्षांचा की पाच वर्षांचा? तुम्ही विचारलंत म्हणून

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागू लागले की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी पालक विचारतात, कधी पदवीधर मुले-मुली स्वतः विचारतात: वकील व्हायचे आहे, तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, की आधी पदवी पूर्ण करून तीन वर्षांचे एलएल.बी. करावे? मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि माझ्या कार्यालयात दोन्ही वाटांनी आलेले ज्युनियर काम करत आले आहेत. त्यामुळे ज्यांना न्यायालयात उभे राहून वकिली करायची आहे, त्यांनाच समोर ठेवून हे उत्तर देतो आहे. कंपनीच्या विधी विभागात नोकरी हवी असेल, तर हिशेब थोडा निराळा असतो.

सर्वप्रथम एक भीती दूर केली पाहिजे. सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, देताना कायदा या दोन पदव्यांमध्ये कोणताही भेद करत नाही. वकील अधिनियम, 1961 च्या कलम 24 नुसार अर्जदार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची 21 वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या देशपातळीवरील संस्थेने, मान्यता दिलेली कायद्याची पदवी त्याच्याकडे असावी, एवढ्या मुख्य अटी आहेत. सनद एकच, वकीलपत्र एकच, आणि तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत उभे राहण्याचा अधिकारही एकच. ‘तीन वर्षांवाल्यांना हलके समजतात’ हे मी पालकांकडून पुष्कळदा ऐकले आहे. न्यायाधीशांच्या तोंडून किंवा पक्षकाराच्या तोंडून मात्र कधीही ऐकलेले नाही.

मग फरक कशात आहे? वर्षांचा हिशेब मांडला, तर बारावीनंतर एका वाटेने पाच वर्षे लागतात आणि दुसरीने, पदवी तीन वर्षांची असेल तर, सहा. म्हणजे अंतर अवघ्या एका वर्षाचे आहे, आणि त्या एका वर्षासाठी घराघरांत जेवढा खल होतो तेवढा तो होण्याचे कारण नाही. माझ्या मते चूक होते ती हिशेब पदवीपाशी थांबवण्यात. पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर कोणा सीनियरच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात. या काळात मिळणारे मानधन अनेक ठिकाणी इतके तुटपुंजे असते की त्यात स्वतःचा प्रवासखर्चही भागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावे असे सुचवले. परंतु ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणची वस्तुस्थिती तिच्यापासून दूर आहे. म्हणून घरातील मंडळींनी एकत्र बसून ठरवायचे ते हे, की बारावीनंतर साधारण आठ-नऊ वर्षे हा मुलगा किंवा ही मुलगी घराला फारसा हातभार लावू शकणार नाही, हे आपल्याला पेलणार आहे का. पेलणार नसेल, तर आधी अशी पदवी घ्यावी जिच्या बळावर गरज पडल्यास काही काळ नोकरी करता येईल, आणि मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळावे. ऐपतीचा हा विचार करण्यात कमीपणा नाही; तो न करता प्रवेश घेतलेली आणि सनद हातात पडल्यावर वर्षभरात न्यायालय सोडून गेलेली हुशार मुले मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

आर्थिक बाजू निभावणारी असेल, तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? ज्याचे किंवा जिचे मन बारावीलाच पक्के आहे, आणि ते पक्के असण्याचे कारण चित्रपटांतले युक्तिवाद नसून वाचनाची, लिहिण्याची आणि एखाद्या गोष्टीच्या खोलात जाण्याची आवड आहे, त्याने निःशंकपणे घ्यावा. या अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या काळात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असे विषय येतात आणि कायद्याचे विषय टप्प्याटप्प्याने वाढत जातात. पुष्कळ विद्यार्थी ही पहिली वर्षे वाया जाणारी समजून कशीबशी उरकतात. वास्तविक संविधानाचा अभ्यास राज्यशास्त्रावर उभा असतो, आणि जमिनीचा वाद समजून घ्यायचा तर त्या भागाची महसूल व्यवस्था कशी घडली हे माहीत असावे लागते. शिवाय बार कौन्सिलच्या विधी शिक्षण नियम, 2008 नुसार पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला एकूण किमान 20 आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. पाच वर्षांवाल्याला वकिलांची कार्यालये पाहण्याची, कोणाकडे काम शिकता येईल हे चाचपण्याची संधी अधिक मिळते, आणि हा या वाटेचा खरा लाभ आहे.

परंतु सतराव्या वर्षी मन डळमळीत असेल, तर मी आग्रहाने सांगतो की आधी पदवी करावी. पदवीचा विषय पुढे वकिलीत किती उपयोगी पडतो, याची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. वाणिज्य शाखेतून आलेला ज्युनियर भागीदारीच्या वादात ताळेबंद उघडतो आणि नफा कोठे लपवला आहे ते दाखवतो. तेथे आम्हाला एरवी सनदी लेखापालाकडे धाव घ्यावी लागते. कृषी पदवीधराला पीक, बांध, पाण्याची पाळी यांतले बारकावे ठाऊक असल्याने वहिवाटीच्या दाव्यात साक्षीदाराची उलटतपासणी तो अशा ठिकाणी नेतो, जेथे मलाही सुचले नसते. अभियंत्याला बांधकामाच्या कराराचे मोजमाप वाचता येते. पेटंट एजंटची परीक्षा देण्यासाठी तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हीच अट आहे, केवळ बी.ए. एलएल.बी. झालेल्याला ते दार उघडत नाही. पदवीची तीन वर्षे मन लावून केलेली असतील, तर ती पुढे तुमच्या वकिलीची खास बाजू ठरू शकतात. मात्र ‘पुढे कायदाच करायचा आहे, मग पदवी कशीही चालेल’ अशा वृत्तीने ती केली, तर ही वाट केवळ एक वर्ष लांबची ठरते.

प्रवेशाचे तपशील थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष तीन आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या वेगवेगळ्या परीक्षा घेतो. त्या मराठीतूनही देता येतात आणि त्यांना कमाल वयाची अट नाही. पाच वर्षांसाठी बारावीला आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गाकरिता 45 टक्के, इतर मागासवर्गीयांकरिता 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींकरिता 40 टक्के गुण आवश्यक असतात. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांनी आपली पात्रता आधी नीट तपासावी, कारण बार कौन्सिलचे नियम क्रमाने घेतलेले मूलभूत शिक्षण मागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा असते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा विषय निघाला की पालकांचे डोळे चमकतात. बंगळुरूच्या विद्यापीठापासून सुरू झालेल्या या परंपरेने देशातील विधी शिक्षणाचा दर्जा उंचावला, यात शंका नाही, आणि महाराष्ट्रातही आता मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. तेथे प्रवेश मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर जरूर जावे. परंतु शैक्षणिक कर्ज काढून जाणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: ते कर्ज फेडण्यासाठी बहुधा महानगरातील मोठ्या फर्ममध्ये नोकरी घ्यावी लागते, आणि जिल्हा न्यायालयात वकिली करण्याचा मूळ बेत आपोआप मागे पडतो. ज्याला आपल्याच जिल्ह्यात काम करायचे आहे, त्याने जवळचे चांगले, नियमित वर्ग भरणारे महाविद्यालय निवडण्यात काहीही गमावलेले नसते.

‘नियमित वर्ग भरणारे’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत, कारण या साऱ्या चर्चेत मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते हेच. तीन की पाच हा प्रश्न विचारणारे बरेच जण त्याला जोडून हळूच दुसरा प्रश्न विचारतात: हजेरी न लागणारे महाविद्यालय कोणते? नियमांनुसार प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी अपेक्षित आहे. नियम मोडल्याची शिक्षा मिळेल की नाही हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. जे हातचे जाते, त्याविषयी बोलतो. दावे-अर्जांचा मसुदा, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय (सरावासाठी चालवलेले काल्पनिक खटले) हे विषय सक्तीचे केले आहेत ते याच कारणाने, की ते पुस्तकातून पाठ करता येत नाहीत. ज्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात एकदाही स्वतःच्या हाताने कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर, लिहिलेली नाही, तो ज्युनियर म्हणून आल्यावर दाव्यातील प्रत्येक परिच्छेद नाकारायचा की कबूल करायचा, यातच अडखळतो. आणि विशिष्टपणे न नाकारलेले कथन कबूल केल्यासारखे धरले जाऊ शकते, हे त्याला पक्षकाराचे नुकसान होण्याच्या बेतात आल्यावर कळते. मनाई हुकुमाच्या अर्जावर म्हणणे देणे, पुरसीस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) देणे, रोजनामा (प्रकरणातील तारखांच्या कामकाजाची नोंद) वाचणे या गोष्टी साध्या दिसतात, पण त्यांच्यामागे दिवाणी प्रक्रिया संहिता उभी असते, आणि ती संहिता समजून घ्यायला वर्गात बसावे लागते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्यावर तर हे अधिकच खरे झाले आहे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिता लागते, नंतरच्यांना नवी, आणि पुढील अनेक वर्षे वकिलाला दोन्ही जवळ बाळगाव्या लागतील. परीक्षेआधी आठ दिवस वाचलेले गाईड येथे कामाला येत नाही.

याच्याशी निगडित आहे तो नोकरी सांभाळून कायदा करणाऱ्यांचा प्रश्न. दूरशिक्षणाने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. पूर्वी रात्रीच्या वर्गांतून शिकून पुष्कळ जण वकील झाले. 2008 च्या नियमांनी वर्गांची वेळ सकाळी 8 ते सायंकाळी 7 अशी ठरवल्यापासून ती सोय उरली नाही. पदवी मिळाली तरी पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही; सनदधारकाने नोकरी धरली, तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. तेव्हा नोकरी केव्हा सोडायची, हे प्रवेश घेतानाच ठरवलेले बरे.

भाषेबद्दल मराठी माध्यमातील मुले फार घाबरतात. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचल्याशिवाय जिल्ह्यातही वकिली होत नाही, म्हणून इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. परंतु तालुका आणि जिल्हा न्यायालयांत साक्षी मराठीत होतात, फिर्यादी आणि पंचनामे मराठीत असतात, आणि फेरफार, सातबारा, जुनी खरेदीखते नीट वाचू शकणारा ज्युनियर मला इंग्रजी फडाफडा बोलणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. अभ्यासक्रम कोणताही घ्या, पहिल्या वर्षापासून रोज एका निकालपत्राची काही पाने इंग्रजीतून वाचावीत आणि त्यातील वस्तुस्थिती मराठीत लिहून काढावी, एवढेच मी सांगतो.

न्यायाधीश व्हायचे असेल, तर गणित अलीकडेच बदलले आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि ती वर्षे बार परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंतच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची असे सांगितले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण न्यायालयाच्या या बाजूला कधीच न उभे राहिलेल्या न्यायाधीशाला वकिलाची आणि पक्षकाराची अडचण उमगायला वेळ लागतो. त्यामुळे पाच वर्षांची वाट घेऊन पदवीनंतर थेट परीक्षेला बसण्याचा जो बेत अनेक घरांत आखला जात असे, तो आता सोडून द्यावा. नोंदणीला उशीर करू नये. 30 जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये यांपेक्षा अधिक घेता येत नाही, म्हणून पैशाअभावी अर्ज लांबवण्याचे कारणही आता उरलेले नाही.

शेवटी, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया आणि निवृत्तीला आलेले लोक संकोचाने विचारतात, ‘आता या वयात?’ त्यांच्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम हीच वाट आहे, आणि ती त्यांनी संकोच न करता धरावी. कौटुंबिक वाद, ग्राहक तक्रारी, वारसा, महसुली अपिले या कामांत जगाचा अनुभव असलेल्या माणसाकडे पक्षकार विश्वासाने येतो. वर्गात शेजारी आपल्या मुलांच्या वयाचे विद्यार्थी असतील. त्यांच्यासोबत अभिरूप न्यायालयात उभे राहावे, आणि सुट्टीत एखाद्या तालुक्याच्या न्यायालयात दिवसभर बसून बोर्डावरील, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतील, प्रकरणे कशी पुकारली जातात, तारखा का पडतात आणि युक्तिवाद ऐकताना न्यायाधीश काय टिपून घेतात, ते पाहावे. सीनियर निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे याऐवजी त्यांच्याकडे साक्षी-पुराव्याची कामे किती चालतात, याची चौकशी करावी.